किती पळतंय?

“किती पळतंय रे?” अण्णांनी मागून विचारलं आणि मला उत्तर देता येईना.

२०२१ चा मे महिना होता. अण्णा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कोपरगावहून आमच्याकडे नाशिकला आले आणि निर्बंध वाढल्यावर इथेच अडकले. टीव्हीवरच्या बातम्यांनी जीव घाबरायचा, म्हणून रात्रीची जेवणं झाली की ते माझ्या खोलीत येऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसत. मी संगणकावर विमान उडवत असे. फ्लाइट सिम्युलेटर. खऱ्या विमानात बसायला चाचणीचा कागद लागत होता, माझ्या विमानाला काही लागत नव्हतं. त्या रात्री शिर्डीहून दिल्लीला निघालो होतो, एअरबस ए-३२० घेऊन, आणि ३५ हजार फुटांवर निवांत पोचलो होतो.

प्रश्न साधाच. एसटीत ड्रायव्हरमागच्या सीटवर बसलेला कुणीही विचारतो तसा. पण माझ्यासमोर तीन आकडे होते. डावीकडच्या उभ्या पट्टीवर २६४. तिच्याखाली हिरव्या अक्षरांत पॉइंट सेव्हन एट. आणि शेजारच्या नकाशाच्या कोपऱ्यात ४४९.

“कुठला सांगू?” मी म्हणालो आणि तिन्ही वाचून दाखवले.

“यातला खरा कुठला?”

“तिन्ही खरे आहेत.”

अण्णा हसले. त्यांनी ३३ वर्षं पाटबंधारे खात्यात काढली, शेवटची बरीच वर्षं गोदावरीच्या डाव्या कालव्यावर कालवा निरीक्षक म्हणून. “एकाच पाण्याचे तीन आकडे मी नोकरीभर बघितलेत. गेजवरचा एक, ऑफिसातल्या रजिस्टरातला दुसरा आणि शेतकऱ्याच्या तोंडचा तिसरा,” ते म्हणाले. “आणि तिघंही आपलाच खरा म्हणायचे.”

मी विषय बदलला. खरं सांगायचं तर त्या तीन आकड्यांचा नीट उलगडा मलाही झालेला नव्हता. म्हणजे पाठ होतं सगळं. दहा हजार फुटांखाली २५० नॉट्सच्या (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल, साधारण १.८५ किलोमीटर) वर जायचं नाही, मग ३०० नॉट्सनं चढत राहायचं, वर गेल्यावर मॅक, म्हणजे तो पॉइंट सेव्हन एटवाला आकडा, धरायचा. पण पाठ असणं आणि कळणं यात अंतर असतं. दिवसभर जीएसटीची विवरणपत्रं भरणाऱ्या माणसाला ते अंतर चांगलं माहीत असतं.

या तीन आकड्यांशी माझी पहिली झटापट झाली ती फार आधी, फ्लाइट सिम्युलेटर २००४ च्या काळात. मित्राकडून आणलेली सीडी, हप्त्यावर घेतलेला संगणक आणि सिम्युलेटरमध्येच मिळालेलं बोइंग ७३७-४००. ऑटोपायलटला ३०० नॉट्स सांगितले, ३५ हजार फूट सांगितले आणि चहा करायला गेलो. माझा हिशोब सरळ होता: खालीही ३००, वरही ३००, गाडी एका चालीत चालली की इंजिन खूश. चहा गाळत असताना खोलीतून टकटकटकटक आवाज यायला लागला, लाकडी पट्ट्या एकमेकींवर आपटाव्यात तसा. पळत गेलो तर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत ‘ओव्हरस्पीड’. विमान ३२ हजारांच्या आसपास. काटा बघितला तर ३०० वर ठाम, एक नॉट इकडे नाही की तिकडे नाही. मी सांगितलं तेच विमान करत होतं आणि तरी ओरडत होतं. आता याला काय म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी शहाणपणा म्हणून उलटं केलं. वर मॅकचं बटण दाबलं, ०.७८ धरलं, प्रवास छान झाला. उतरतानाही तेच ०.७८ ठेवलं, कारण काल वेगाच्या आकड्यानं दगा दिला होता आणि या आकड्यानं नाही. २३ हजारांच्या जवळ पुन्हा टकटकटकटक. म्हणजे चढताना एक आकडा धरून ठेवला तरी चूक आणि उतरताना दुसरा धरून ठेवला तरी चूक. मी तेव्हा कुठल्याशा पुस्तिकेत बघून ‘सुमारे २९ हजारांवर बदलायचं’ एवढं वहीत लिहून ठेवलं आणि पुढची १६-१७ वर्षं त्या एका ओळीवर काढली.

अण्णांनी ती ओळ टिकू दिली नाही. चार दिवसांनी त्यांनी वेगळ्या वाटेनं विषय काढला. “तुझ्या विमानाला चाकं तर टेकलेली नसतात. मग मीटर कशावर चालतं?”

मी सांगितलं, नाकाजवळ एक नळी असते. तोंड पुढे. तिच्यात समोरची हवा घुसते, तिचा दाब मोजायचा. पोटाजवळ बाजूला बारीक भोकं असतात, तिथे नुसत्या आजूबाजूच्या हवेचा दाब मिळतो. पहिल्यातून दुसरा वजा केला की राहील तो वेग.

“राहील तो वेग कसा? राहील तो रेटा.”

मी थांबलो.

“पाण्यात हात धर,” अण्णा म्हणाले, “पाणी हाताला रेटतं. त्या रेट्यावरून तू म्हणतोस पाणी एवढ्यानं वाहतंय. पण उद्या पाण्याऐवजी वारा असला तर? तेवढ्याच वेगाचा वारा हाताला कळणारसुद्धा नाही. वर हवा विरळ असते म्हणतात ना? मग तुझी ती नळी काय सांगणार?”

हे मी वाचलेलं होतं, अगदी समीकरणासकट. ३५ हजार फुटांवर हवेची घनता जमिनीवरच्या एक तृतीयांशाहूनही कमी असते, त्यामुळे तेवढाच दाब मिळवायला विमानाला कितीतरी जास्त जोरानं पळावं लागतं. म्हणून नळी म्हणते २६४ आणि विमान प्रत्यक्षात हवेतून जातं ४४९ नॉट्सनं, म्हणजे ताशी ८३० किलोमीटरच्या पुढे. वाचलेलं होतं, पण इंग्रजीत त्याला ‘इंडिकेटेड एअरस्पीड’ म्हणतात, आणि त्या नावात ‘स्पीड’ असल्यामुळे मी तो वेगच समजत आलो. रेटा म्हटल्याबरोबर गाठ सुटली.

कारण पंखाला रेट्याशीच देणंघेणं असतं. विमानाला उचलून धरतो तो हवेचा रेटा, घड्याळाचा आणि मैलांचा हिशोब पंखाला कळत नाही. मुंबईला उतरताना पट्टीवर १३५ असतील तर लेहला, जवळपास १०,७०० फुटांवरच्या धावपट्टीवर, तेवढ्याच वजनाच्या विमानाला १३५ च लागतात. फक्त तिथे ते १३५ म्हणजे प्रत्यक्षात १६० च्या घरात पळणं असतं आणि धावपट्टी भर्रकन संपते. पायलट वेगाची ती पट्टी डोळ्यांत तेल घालून बघतो, कारण ती सांगत असते की पंखाला अजून धरायला हवा आहे की नाही.

त्या दिवाळीला गावी गेलो तेव्हा अण्णांनी आधीच तयारी करून ठेवली होती. गवंडी लेव्हल काढायला वापरतात तसली पारदर्शक नळी, हातभर लांब, खालचं टोक तारेनं बांधून काटकोनात वळवलेलं. पाटाला पाणी होतं. आम्ही सायकलच्या रस्त्यानं कडेकडेनं गेलो. अण्णांनी आधी खात्याच्या पद्धतीनं मोजलं: पावलं टाकून ३० मीटर आखले, वरच्या टोकाला नारळाची शेंडी टाकली, घड्याळ लावलं. ४० सेकंद. “वरचं पाणी जास्त पळतं, म्हणून याला पॉइंट ८५ नं गुणायचं,” ते म्हणाले. “तळाला पाणी घासतं, तिथं ते दमतं.”

मग मी काठावर पालथा पडून नळीचं वळवलेलं तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात धरली. नळीत पाणी चढलं. बाहेरच्या पाण्यापेक्षा जेमतेम दोन बोटं वर. तेवढंच. तोंड उलटं फिरवलं की खाली. पुन्हा प्रवाहाकडे केलं की दोन बोटं वर आणि तिथेच किंचित थरथरत उभं. खरं सांगतो, एवढी वर्षं पडद्यावर जे आकडे बघितले त्यातला एकही इतका खरा वाटला नव्हता.

“आता मोरीपाशी चल.” मोरीत पाट अरुंद होतो आणि पाणी दुपटीनं पळतं. तिथे नळी धरली. माझ्या अंदाजानं चार बोटं चढायला हवी होती. चढली आठ. वेग दुप्पट, रेटा चौपट. याच कारणानं विमानातली वेगाची पट्टी अगदी हळू वेगाला काही दाखवतच नाही. ए-३२० मध्ये ती ३० नॉट्सच्या पुढे जागी होते, कारण त्याआधी नळीतला दाब इतका क्षीण असतो की त्याच्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नसतो.

गंमत म्हणजे ही नळी जन्मली तीच पाण्यात. १७३२ साली आंरी पितो नावाच्या फ्रेंच माणसानं वाकवलेली काचेची नळी पॅरिसच्या सेन नदीत धरली होती. विमानं यायला अजून पावणेदोनशे वर्षं होती. तेव्हाच्या जाणकारांचं मत होतं की जसजसं खोल जावं तसतसं पाणी जोरात वाहतं. पितोच्या नळीनं दाखवलं की उलट आहे. हे अण्णांना सांगितलं तर म्हणाले, “त्याला आपल्या पाटकऱ्यानं सांगितलं असतं.” आता तीच नळी, नाव थोडं बदलून ‘पिटो ट्यूब’, प्रत्येक विमानाच्या अंगावर असते. ए-३२० वर तीन.

“गाळ बसला तर?” अण्णांनी विचारलं. ज्यानं आयुष्यभर मोऱ्या उपसून घेतल्या त्याला हाच प्रश्न सुचणार.

बर्फ बसतो. ३१ मे २००९ च्या संध्याकाळी रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्स ४४७ च्या नळ्या अटलांटिकवर बर्फाच्या कणांनी तुंबल्या. उंची ३५ हजारच. वेगाचे आकडे जेमतेम मिनिटभर चुकीचे झाले, ऑटोपायलटनं हात वर केले, आणि गोंधळलेल्या हातांनी नाक वर ओढत ओढत विमान साडेचार मिनिटांच्या आत समुद्रात पडलं. २२८ माणसं. पट्टीवरचा आकडा गेला तर नाक अडीच-तीन अंश वर आणि इंजिनांचा जोर होता तेवढाच ठेवायचा, विमान आपलं उडत राहतं. हे आज सिम्युलेटर उडवणारं शाळकरी पोरही सांगेल. पण खोलीत पंख्याखाली बसून सांगणं वेगळं. मी त्या अपघाताचा सराव एकदा करून बघितला आणि पुन्हा केला नाही.

रेटा कळला. मॅक राहिला होता.

मॅक म्हणजे आवाजाच्या वेगाशी आपल्या वेगाचं गुणोत्तर. ०.७८ म्हणजे आवाजाच्या वेगाच्या ७८ टक्के. आवाजाचा वेग ठरतो फक्त हवेच्या तापमानावर. समुद्रसपाटीला १५ अंश असताना तो ६६१ नॉट्स, ३६ हजार फुटांवर उणे ५६ अंशांत ५७४. एवढं ठीक. पण विमानाला आवाजाशी काय करायचंय? ते गाणं म्हणायला थोडंच निघालंय?

याचं उत्तरही पाटावरच मिळालं, तेही मागितलं नसताना. मोरीच्या पुढे एक फॉल आहे. कालव्याचा तळ तिथे उतरता बांधून पाणी खालच्या पातळीला नेलेलं. अण्णा सवयीनं तिथे थांबले आणि त्यांनी संथ पाण्यात एक खडा टाकला. गोल लाटा उठल्या, काही प्रवाहाबरोबर गेल्या, काही प्रवाहाविरुद्ध वर सरकल्या. मग त्यांनी दुसरा खडा फॉलच्या उतारावर टाकला, जिथे पाण्याचा थर पातळ होऊन सुसाट घसरत होता. तिथे वर जाणारी लाटच नाही. उठली की खालीच वाहून जात होती.

“इथल्या पाण्याला वरच्या पाण्याची वर्दी मिळते,” अण्णा म्हणाले. “पण खालची वर्दी वर जात नाही. म्हणून तर खाली बघ काय होतं.” खाली, उताराच्या पायथ्याशी, सुसाट आलेलं पाणी एकदम उभं राहून पांढरं होऊन उसळत होतं. शांत पाण्याशी गाठ पडेपर्यंत त्याला पत्ताच नसतो की पुढे शांत पाणी आहे.

वर्दी! एवढा नेमका शब्द मला कुठल्या पुस्तकात सापडला नव्हता. आवाज म्हणजे हवेतली वर्दी. विमान येतंय हे पुढच्या हवेला दाबाच्या बारीक लाटांनी कळतं आणि ती आधीच बाजूला व्हायला लागते. या लाटा आवाजाच्या वेगानं जातात. विमान त्या वेगाच्या फार जवळ गेलं की वर्दी पोचेपर्यंत विमानच दारात. आणि पंखाच्या फुगीर पाठीवरून जाताना हवा विमानापेक्षाही जास्त पळते, त्यामुळे विमान ०.८२ वर असताना पाठीवरच्या हवेनं एकची मर्यादा ओलांडलेली असू शकते. मग ती पुढे कुठेतरी धाडकन मंदावते, फॉलखालच्या पाण्यासारखी उभी राहते, तिच्या मागची हवा पंखापासून सुटायला लागते, पंख थरथरतात, नाक खाली जायला बघतं. म्हणून प्रवासी विमानांना मॅकची मर्यादा. ए-३२० ची ०.८२, माझ्या जुन्या ७३७ चीही तीच. एर्न्स्ट मॅक या शास्त्रज्ञानं १८८० च्या दशकात सुसाट गोळीपुढे उभ्या राहिलेल्या हवेचे फोटो काढले होते. त्याचं नाव या गुणोत्तराला दिलं गेलं ते पुढे, १९२९ मध्ये, याकोब आकेरेट या स्विस अभियंत्यानं. मॅक स्वतः १९१६ लाच गेला होता.

आता तो २००४ चा चहा आठवला. रेटा ३०० ठेवून चढत गेलो. हवा विरळ होत गेली, तोच रेटा मिळवायला विमान खरोखर जास्त जास्त पळत गेलं. हवा गार होत गेली, म्हणजे वर्दीचा वेग कमी कमी होत गेला. एक वर चाललंय, दुसरं खाली येतंय, कुठेतरी गाठ पडणारच. २९ हजार फुटांच्या थोडं पुढे ३०० चा रेटा आणि ०.७८ मॅक एकच होतात. तिथून वर रेटा सोडायचा आणि मॅक धरायचा. नाही धरला तर ३२ हजारांच्या आसपास ०.८२ ओलांडते आणि लाकडी पट्ट्या वाजायला लागतात. उतरताना अगदी उलट. मॅक धरून खाली आलो तर दाट हवेत रेटा वाढत वाढत पंखाच्या आणि सांगाड्याच्या सोसण्यापलीकडे जातो. ७३७ ला ती हद्द ३४० नॉट्सची, ए-३२० ला ३५० ची. वहीतली ती ओळ मला १७ वर्षांनी कळली, तीसुद्धा पाटावर पालथं पडून.

एक गोष्ट मात्र तेव्हाही चकवून गेली. मला वाटायचं वर जावं तसं विमान अधिकच पळत असेल. तसं नाही. खरा वेग सगळ्यांत जास्त असतो तो या बदलाच्या उंचीला, सुमारे ४६० नॉट्स. पुढे मॅक तेवढाच ठेवून आणखी चढलं तर हवा गार होत जाते आणि खरा वेग थोडा उतरतोच. विमान वर जातं ते इंधन वाचावं म्हणून, लवकर पोचावं म्हणून नाही.

हे सगळं विमान स्वतःच सांभाळतं, हेही सांगायला हवं. ए-३२० मध्ये वेगाचं बटण आत ढकललं की कारभार विमानाकडे, बाहेर ओढलं की आपल्याकडे. आत ढकललेलं असेल तर नॉट्समधून मॅकमध्ये केव्हा जायचं, परत केव्हा यायचं, ते कुणी विचारतही नाही. बरेच जण कायम आत ढकलूनच उडवतात. मी दिवाळीनंतर मुद्दाम बाहेर ओढून उडवायला लागलो. एकदा तर भरपूर इंधन आणि भरलेलं विमान घेऊन हट्टानं ३९ हजारांवर चढलो. विमानाचा संगणक जमत नाही म्हणत होता तरी. तिथे पट्टीवर वरून लाल-काळी मर्यादा खाली आली, खालून पिवळी वर आली आणि मध्ये वीस-बावीस नॉट्सची फट राहिली. जरा हळू झालो तर पंखाला रेटा पुरायचा नाही, जरा जोरात गेलो तर वर्दी पुरायची नाही. अण्णा मागून म्हणाले, “इथं कशाला आलास?” मी मुकाट खाली आलो.

उतरण्याबद्दल अण्णांशी माझं एकमत पहिल्या दिवसापासून होतं. “मुखाचं दार बंद केलं म्हणून शेपटाचं पाणी लगेच थांबत नसतं.” विमानाचंही तसंच. इंजिनं मंद केली तरी ते आपल्या उंचीच्या जोरावर घसरत राहतं आणि खाली जाणं व हळू होणं या दोन गोष्टी एका वेळी करायला राजी नसतं. म्हणून आधीच निघायचं. उतरायची उंची हजारांत घेऊन तिनानं गुणायचं, तेवढे नॉटिकल मैल आधी. शिर्डीची धावपट्टी जवळपास दोन हजार फुटांवर आहे, म्हणजे ३३ हजार फूट उतरायचे: ९९ मैल. शिवाय हळू होण्यासाठी दहा-बारा. मी पूर्वी नेहमी उशीर करायचो आणि मग पंखावरचे ब्रेक उघडून धडधडत खाली यायचो. अण्णांना तो आवाज अजिबात आवडत नसे.

पुढच्या फेब्रुवारीत ते पुन्हा आले, दुसऱ्या डोळ्यासाठी. पट्टी निघाल्यावर पहिल्या रात्री म्हणाले, “आज दिल्लीहून इकडे ये. पाट दिसतो का बघू.”

मनमाड ओलांडलं, डावीकडे अंकाई-टंकाईचे किल्ले मागे पडले. आठ हजार फूट, पट्टीवर २५०. सिम्युलेटरमधली जमीन उपग्रहाच्या फोटोंवरून बनवलेली असते, त्यामुळे येवल्यापुढची शेतं ओळखू येतात. अण्णा खुर्ची पुढे ओढून पडद्याला नाक लावून बसले. ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी इतक्या जवळून बघू नका म्हटलं तर ऐकलं नाही.

“हळू घे जरा.”

“२१० च्या खाली नाही घेता येत अण्णा. रेटा पुरणार नाही.”

“मग काहीतरी कर.”

२३० च्या खाली आल्यावर फ्लॅपचा दांडा एक खाच ओढला. पंखाच्या कडा बाहेर सरकल्या, पंख रुंदावला, पट्टीवरची खालची मर्यादा आणखी खाली गेली. १९०. त्याहून कमी नको वाटलं. आणि समोरून ती रेघ आली. नदीच्या अलीकडे, नदीसारखी वाकडी नाही आणि रस्त्यासारखी सरळ नाही, उताराच्या कलानं जाणारी.

“हा आपला पाट.” अण्णांनी बोट टेकवलं, पडद्यावर ठसा उमटला. “दार बंद आहे. पाणी नाही यात.”

“फोटो आहे अण्णा तो. फोटोत पाणी कसं—”

“फोटोच म्हणतोय. पाणी असतं तर रेघ काळी दिसली असती, ही पांढरी आहे. आणि हा ऊस बघ, निम्मा तुटलाय. गहू पिवळा पडलाय. म्हणजे मार्च. रब्बीची पाळी संपलीय आणि उन्हाळी आवर्तन सुटायचंय.” मग बोट तसंच खाली, नदी ओलांडून काकडी गावच्या माळाकडे नेत म्हणाले, “आणि हे तुझं विमानतळ. या गावाला पाटाच्या पाण्याआधी विमान मिळालं.”

मी धावपट्टी शोधत होतो. २,५०० मीटरची पट्टी त्या करड्या माळावर चटकन दिसत नाही. अण्णा मात्र अजून मागचंच बघत होते.

“फॉल दिसला का?”

“गेला की मागे. १९० ला आहोत, थांबता थोडंच येतं.”

“परत फिरव.”

“शिर्डीला उतरायचंय ना?”

“उतरशील रे. तेल आहे ना तेवढं?”

तेल होतं. मी विमान डावीकडे वळवलं.